'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजवायचंय, पण एफ शार्प लागत नाही

प्रश्न असा आहे: 'वय ४३. मुलगी चौदा वर्षांची, तिच्या गिटारवर गेले सहा महिने मीही हात चालवतो. ई मायनर, ए मायनर, सी, जी आणि डी एवढ्या कॉर्ड येतात. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर ईगल्सचं हॉटेल कॅलिफोर्निया वाजवायचं मनात आहे, तीन महिने हातात आहेत. पण नेटवर बघावं तिथे बी मायनर आणि एफ शार्प, आणि एफ शार्पला माझ्या तारा नुसत्या घरघरतात. शाळेत असताना चार वर्षं पेटी शिकलो होतो, संगीत म्हणाल तर तेवढंच. जमेल का?'

जमेल. तुमच्या पाच कॉर्डमध्ये आणखी दोन घातल्या की गाणं पूर्ण होतं, आणि त्या दोन्ही बार कॉर्ड (एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या) नाहीत. सोलो, म्हणजे शेवटी गिटार एकटी पुढे येऊन वाजते तो भाग, मात्र तीन महिन्यांत होणार नाही. त्यावर एक तोडगा आहे, तो पुढे सांगतो. त्यासाठी महिनाभर दुसरी एखादी गिटार कुणाकडून तरी मागून आणा, कारण मुलीलाही कामाला लावायचंय.

आधी एफ शार्पचा प्रश्न मिटवू. मी बावीस वर्षं पुण्यात गिटार शिकवतोय. या गाण्यासाठी येणाऱ्यांपैकी निम्मे याच कॉर्डपाशी अडकून पडलेले असतात, आणि निम्म्यांना वाटत असतं की कॅपो (सगळ्या तारा एका जागी दाबून धरणारा चिमटा) लावला म्हणजे आपण चोरी केली. मूळ रेकॉर्डवर काय आहे ते ऐका. ईगल्स या बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर याने ही चाल मालिबूला समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात बांधली, ती ई मायनरमध्ये. गायक डॉन हेन्ली गायला बसला तेव्हा ती पट्टी त्याच्या गळ्याला उंच पडली, म्हणून मंडळी खाली येत येत बी मायनरवर थांबली. पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून पांढरी सातवर, खालच्या सप्तकातल्या. आता बारा तारांच्या गिटारवर सुरुवातीचं जे वाजतं त्याची सगळी गोडी मोकळ्या तारांत होती. ती जाऊ नये म्हणून फेल्डरने सातव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या सळयांमधलं सातवं घर) कॅपो लावला आणि बोटं ई मायनरचीच ठेवली. म्हणजे सातव्या फ्रेटवरचा कॅपो ही नवशिक्याची सोय नाही, रेकॉर्डवर तेच आहे. नेटवर बी मायनर लिहितात ते कानाला ऐकू येतं म्हणून, हाताने वाजवलं जातं म्हणून नव्हे.

कॅपो फ्रेटच्या सळईला अगदी खेटून लावा, सळईच्या वर नको. लावल्यावर गिटार पुन्हा सुरात लावा. एवढ्या वर कॅपो दाबला की तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो, विशेषतः जाड तारांचा. हे न केल्यामुळे 'माझी गिटार खराब आहे' म्हणणारे मी खूप पाहिलेत.

आता कॉर्ड. कॅपोच्या वर तुमची बोटं अशी फिरतील: ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. प्रत्येकीला चार मात्रा, म्हणजे बत्तीस मात्रांचं एक आवर्तन. लय मिनिटाला साधारण ७४ मात्रांची, त्यामुळे एक आवर्तन सव्वीस सेकंदांत संपतं. रेकॉर्डवर अशी दोन आवर्तनं नुसती वाजतात आणि बावन्नाव्या सेकंदाच्या आसपास हेन्लीचा आवाज येतो. प्रत्येक कडवं दोन आवर्तनांचं. धृपदात क्रम बदलतो: सी, जी, बी सेव्हन, ई मायनर, मग सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. कडवी तीन आहेत. पहिल्या दोन कडव्यांनंतर धृपद येतं, तिसऱ्यानंतर येत नाही, थेट सोलो सुरू होतो. गच्चीवर हमखास इथेच कुणीतरी धृपद म्हणायला लागतं. लागू द्या, तुम्ही थांबू नका.

नवीन कॉर्ड दोन, ए आणि बी सेव्हन. पण तुमचा वेळ कॉर्ड लावण्यात जाणार नाही, एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्यात जाईल. म्हणून आठ कॉर्ड ओळीने घोकू नका. दोन-दोनचे सांधे घ्या आणि प्रत्येक सांध्यात कुठलं बोट जागेवर राहतं ते शोधा. बारीक तार पहिली आणि जाड सहावी, असं धरून सांगतो.

ई मायनर लावताना मधलं बोट पाचव्या तारेवर आणि अनामिका चौथ्या तारेवर ठेवा, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर (कॅपोपासून मोजायचं). बी सेव्हनला जाताना मधलं बोट उचलायचंच नाही. ते तिथेच खुंटीसारखं रोवलेलं राहील. त्याच्याभोवती तर्जनी चौथ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि करंगळी पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. दुसरी तार मोकळी, सहावी वाजवायची नाही. पहिले चार दिवस करंगळी रुसेल. तिला एकटीला उचलून ठेवायचा सराव करा, टीव्ही बघताना केला तरी चालतो.

डीवरून ए. डीमध्ये तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर असते. एमध्येही तिला तिथेच ठेवता येतं. अनामिका दुसऱ्या तारेवरच तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर घसरते आणि मधलं बोट पहिल्या तारेवरून चौथीवर जातं. पुस्तकात एची बोटं बहुतेक वेळा वेगळी दाखवतात. या गाण्यापुरतं पुस्तक बाजूला ठेवा.

सीवरून जी. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर आणि मधलं बोट चौथ्या तारेवर. ती जोडी मोडू नका, तशीच उचलून एक-एक तार जाड बाजूला सरकवा आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टेकवा, झाली जी. ए मायनरवरून बी सेव्हनला अनामिका तिसऱ्या तारेवर जागची हलत नाही.

एवरून सीला मधलं बोट चौथ्या तारेवर जागचं हलत नाही. राहिले दोन अवघड सांधे: बी सेव्हन ते डी आणि जी ते ए मायनर. इथे धरायला काही नाही, हवेतूनच उडी. घड्याळ लावून एक मिनिटभर फक्त हीच उडी मारायची आणि किती वेळा स्वच्छ लागली ते कागदावर लिहायचं. पहिल्या आठवड्यात बारा-पंधरा, तिसऱ्या आठवड्यात तीसच्या पुढे गेलात तर गाणं आवाक्यात आलं समजा. एकेका कॉर्डवर दहा मिनिटं बसून राहणारे विद्यार्थी माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. त्यांची प्रत्येक कॉर्ड सुंदर लागते, पण गाणं दर चार मात्रांनी अडखळतं.

अजून एक. मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) ५० वर लावून सुरू करा आणि सवाशे वेळा चुकलात तरी हात थांबवू नका. डावा हात वेळेवर पोहोचला नाही तर उजव्याने मोकळ्या तारांवर मात्रा भरून काढायची. तबलजी चुकला तर सम सोडून उठून जातो का?

आता माझी एक जुनी चूक सांगतो, तिच्यातून तुमच्या कामाची गोष्ट निघते. अकरावीत असताना मी हे गाणं कॅसेटवरून उतरवलं. कॅसेट चांगली नव्हती, कुणाच्या तरी कॉपीची कॉपी. चौथ्या जागी मेजर कॉर्ड आहे, मी मायनर ऐकली. म्हणजे कॅपोच्या हिशेबात ए हवी तिथे ए मायनर. अशी चार वर्षं वाजवली, लोकांकडून टाळ्याही घेतल्या. आमच्या वाड्यात पेटी वाजवणारे एक काका होते, इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. एक दिवस जिन्यात थांबून म्हणाले, 'अरे, तिथे धैवत शुद्ध आहे. तू कोमल लावतोस, म्हणून ते गाणं खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं.' रात्री कॅसेट पुन्हा ऐकली. काका बरोबर होते.

तुम्ही पेटी शिकलाय म्हणून हे लिहिलं. पांढरी सात म्हणजे बी हा षड्ज धरा आणि पेटीवर एवढंच वाजवा: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग पुन्हा कोमल ध, प. प्रत्येक स्वर चार मात्रा. ओळखीचं वाटलं ना? हॉटेल कॅलिफोर्नियाचा सांगाडा हाच आहे. आठ कॉर्ड वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या पोटातून एकच उतरता जिना जातो, पायरीला एक अर्धस्वर. पहिल्या कॉर्डमधला सा दुसऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध नीवर उतरतो, तिसऱ्यात कोमल नीवर, चौथीत शुद्ध धवर, पाचवीत कोमल धवर आणि सहावीत पंचमावर. दोन्ही निषाद, दोन्ही धैवत, ओळीने. आपल्या कानाला या गाण्यात एकाच वेळी परकं आणि जवळचं काहीतरी वाटतं ते बहुधा यामुळेच. माझी ए मायनर तिसरी पायरी संपल्यावर एक पायरी गाळून खाली उडी मारत होती. काकांना खड्डा ऐकू आला तो तिथला.

हा जिना मुलीला द्या. तिच्या गिटारवर कॅपो नको. फक्त बारीक तीन तारा वापरायच्या. आकडे तिसरी, दुसरी, पहिली तार या क्रमाने फ्रेटचे आहेत:

बी मायनर: ७, ७, ७
एफ शार्प: ६, ७, ६
ए: ६, ५, ५
ई: ४, ५, ४
जी: ४, ३, ३
डी: २, ३, २
ई मायनर: ४, ५, ३
एफ शार्प: ३, २, २

तुमची ई मायनर सुरू होईल तेव्हा तिची बी मायनर सुरू होईल. तुमच्या गिटारवर कॅपो असल्यामुळे सूर एकच येतो, नुसती नावं वेगळी. पहिल्या तारेवरचे आकडे वरून खाली वाचा: ७, ६, ५, ४, ३, २. तोच जिना. आणि दुसऱ्या तारेकडे बघा: ७, ७, मग ५, ५, मग ३, ३. दोन-दोन कॉर्डच्या जोड्या आहेत आणि जोडीमध्ये दुसऱ्या तारेचा फ्रेट बदलतच नाही. तिथलं बोट न हलवता दोन्ही बाजूंची तेवढी हलवायची. चौदा वर्षांच्या मुलीला हे एका संध्याकाळी लागतं, मोठ्यांना दोन रविवार. तुमची घरघरणारी एफ शार्पही यात दोनदा आली, पण तीन तारांची, बार न लावता. सहाच्या सहा तारांची एफ शार्प शिकायची असेल तर कोजागिरीनंतर शिका. तेव्हा तर्जनी सपाट न ठेवता थोडी अंगठ्याच्या बाजूला कलती ठेवा, म्हणजे बोटाच्या पेरांमधल्या मऊ जागेऐवजी हाडाची कड तारेवर येते. घरघर बहुतेक तिथेच थांबते.

सुरुवातीच्या दोन आवर्तनांत मुलगी गप्प राहील, तुम्ही तारा सुट्या वाजवाल. अंगठ्याने खर्जाची तार, मग तिसरी, दुसरी, पहिली आणि तशाच उलट. खर्जाची तार कॉर्डप्रमाणे बदलते: ई मायनर आणि जीला सहावी, डीला चौथी, बाकी सगळ्यांना पाचवी. रेकॉर्डवरचा नमुना यापेक्षा नक्षीदार आहे, पण ऐकणाऱ्याला गाणं पहिल्या सहा सेकंदांत ओळखू येतं ते कॉर्डच्या क्रमावरून, नक्षीवरून नाही. इथे एक सूचना: नेटवर शिकवणारे निम्मे लोक १९७६च्या अल्बममधलं वाजवतात आणि निम्मे ईगल्स पुन्हा एकत्र आल्यावर १९९४ साली केलेलं, ज्याची सुरुवात नायलॉनच्या तारांवर स्पॅनिश ढंगाने होते. दोन्हींची खिचडी केलीत तर दोन्ही हातून जातील. १९७६चं धरा.

कडव्यात मात्र सुटी तार सोडून ठेका धरायचा, आणि गाण्याची खरी चव इथे आहे. बहुतेक जण इथे धबाधबा खाली-वर मारत सुटतात. गाणं तयार होत असताना बँडमध्ये त्याचं कामचलाऊ नाव 'मेक्सिकन रेगे' होतं. म्हणजे आघात कापलेला, श्वास घेतलेला. खाली, खाली-वर, वर-खाली-वर हा साधा नमुना घ्या. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कॉर्ड वाजली रे वाजली की डाव्या हाताची बोटं न उचलता ढिली सोडा. आवाज 'झ्यांऽऽ' ऐवजी 'चक' असा तुटला पाहिजे. सीवर, जीवर आणि ए मायनरवर हे एकदम सोपं नाही, कारण मोकळ्या तारा गुणगुणत राहतात. तिथे उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवा. धृपद आलं की कापणं बंद, हात पूर्ण मोकळा सोडायचा. एवढा एक फरक केलात तरी गच्चीवरच्या लोकांना काहीतरी उघडल्यासारखं वाटेल, का ते त्यांना सांगता येणार नाही.

गाणार कोण, हे तुम्ही लिहिलं नाहीत. हेन्लीचा आवाज उंच आहे (आणि हा माणूस ते गाताना ड्रम वाजवत असतो, हे आठवलं की मला आजही थोडी लाज वाटते). तुम्हीच गाणार असाल आणि धृपदाला गळा ताणला जात असेल तर कॅपो सातवरून पाचवर आणा, पट्टी एक पूर्ण स्वर खाली येईल. तुमची बोटं तीच. मुलीने तिचे सगळे आकडे दोनने कमी करायचे: ५, ५, ५ पासून सुरू आणि शेवटी १, ०, ०. तिला ते उलट सोपंच जाईल. तिसऱ्यावर आणलात तर मात्र तिचे आकडे शून्याखाली जातात, तेव्हा पाचच्या खाली उतरू नका.

आता सोलो. फेल्डर आणि जो वॉल्श दोघांनी तो वाजवलाय. आधी एक, मग दुसरा, मग तुकड्या-तुकड्याने सवाल-जवाब आणि शेवटी दोघे एकत्र. ऐकताना वाटतं की रंगात येऊन सुचत गेलंय. फेल्डरने मुलाखतींत सांगितलेली हकिकत वेगळी आहे. मायामीच्या स्टुडिओत दोघे नवीन काहीतरी वाजवायला बसले तर हेन्लीने थांबवलं, म्हणाला, डेमोमध्ये, म्हणजे घरी केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, होतं तेच हवं. डेमोची कॅसेट राहिली होती कॅलिफोर्नियात, घरी. शेवटी फेल्डरने घरकामाच्या बाईंना फोन करून कॅसेट शोधायला लावली, त्यांनी ती फोनपाशी धरून वाजवली आणि स्वतःचाच सोलो त्याने फोनवरून ऐकून पुन्हा बसवला. म्हणजे तो सोलो आपल्याकडच्या बंदिशीसारखा आहे, ठरलेला आणि जागच्या जागी. त्यातलं अर्धवट काहीतरी वाजवलं की लगेच उघडं पडतं, कारण ऐकणाऱ्यांनाही तो पाठ असतो. त्यातल्या खेचलेल्या तारा सुरात पोहोचायला सहा महिन्यांचा हात पुरत नाही.

पण शेवटी दोघे मिळून जे वाजवतात, ज्यासाठी लोक थांबलेले असतात, ते म्हणजे याच कॉर्ड एकेक स्वर सुटा करून. मुलीचे तीन-तीन आकडे एकदम वाजवण्याऐवजी पहिली, दुसरी, तिसरी तार अशा उतरत्या क्रमाने सुटे वाजवायला सांगा. मात्रेला तीन स्वर, म्हणजे प्रत्येक कॉर्डवर चार वेळा. हुबेहूब रेकॉर्डसारखं होणार नाही, पण जिना तोच असल्यामुळे कान ते स्वीकारतो. तिसरं कडवं संपलं की तुम्ही एक आवर्तन नुसतं ठेक्यावर काढा आणि पुढची दोन तिला द्या. ती वाजवत असताना तुम्ही पुन्हा कापलेल्या ठेक्यावर या, आवाज निम्मा करा. बापाची गिटार मोठी वाजते ही तक्रार मी दर गॅदरिंगला ऐकतो.

शेवट कसा करायचा ते आधी ठरवून ठेवा. रेकॉर्डवर शेवट नाहीच, सहा-साडेसहा मिनिटांनी आवाज हळूहळू विरत जातो. गच्चीवर कुणी आवाजाचं बटण फिरवत नाही. दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटच्या बी सेव्हनवर तुम्ही मुलीकडे बघा. ती ७, ७, ७ वर येईल, तुम्ही ई मायनरवर, एकच आघात, वरून खाली सावकाश, आणि दोघांनीही हात उचलायचा नाही. तारा आपोआप शांत होईपर्यंत चार-पाच सेकंद जातात.